दहा फुटाला सव्वा इंच

पहाटे ५:४०. निमगाव केतकीत अजून रस्त्यावरचे दिवे चालू आहेत. इंदापूरकडून दुधाचा टेम्पो जातो, मागं कॅन खडखडतात. मिस्त्री मोटारसायकल स्टँडला लावतात आणि कुणाशी काही न बोलता अंगणातल्या ढिगाकडे जातात. विटांच्या तुकड्यांचा ढीग आहे, वीटभट्टीवरून आणलेला. एक ट्रॉली, साडेतीन हजार रुपये. रात्रभर त्यावर पाण्याचा पाईप सोडून ठेवला होता. मिस्त्री वरचे तुकडे बघतसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून ढिगाच्या पोटातला एक तुकडा काढतात आणि पाण्याच्या बादलीत टाकतात. बारीक बुडबुडे येतात. मोजके. मग थांबतात.

"भागली तहान," मिस्त्री म्हणतात. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सिमेंट जळतं, धरत नाही. म्हणून आदल्या रात्रीच वीट पाजायची. ज्या कामात पाणी अडवायचं, त्याची सुरुवात पाणी पाजण्यापासून होते, हे मला तिथं उभं राहून कळलं.

६:२०. माणसं जमली. मिस्त्री, त्यांचा भाचा (तोही गवंडी), माल कालवणारा एक गडी आणि दोन बाया. मिस्त्रीला हजार, भाच्याला नऊशे, गड्याला साडेसहाशे, बायांना साडेचारशे-साडेचारशे. सगळे मिळून दिवसाचे तीन हजार चारशे पन्नास. सिमेंटच्या सात गोण्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, तीनशे ऐंशीची एक. नदीची वाळू कुठली मिळायला, क्रशची आहे.

काम गच्चीचं. वीस बाय पंधरा, म्हणजे तीनशे चौरस फूट. स्लॅब वीस वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा. काल दिवसभर छिन्नी-हातोड्यानं टाचे मारले, भेगा उकरून भरल्या, पातळ सिमेंट ओतून ब्रशनं घासलं आणि वर मालाचा पहिला थर दिला. आज तुकडे बसवायचे. उद्या वरचा गिलावा.

घर पानमळेवाल्यांचं आहे. पंधरा गुंठे पानवेल, बाकी ऊस. निमगावची खाऊची पानं लांबलांबच्या बाजारात जातात, आणि पानवेलीला ओल लागते, सावली लागते, दमट हवा लागते. शेवरी-शेवग्याच्या आडोशानं ती मळ्यात मुद्दाम कोंडून धरतात. मळ्यात जी ओल हातानं पोसायची, ती घराच्या छताला आली की झोप उडते.

६:५०. आधी पाण्याची नळी. पंचवीस फूट पारदर्शक प्लॅस्टिकची, मिस्त्रींच्या पिशवीत गुंडाळलेली. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं वर धरली की दोन्हीकडं पाणी एकाच पातळीत उभं राहतं. मात्र आत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं खोटं. भाचा नळी बोटानं टिचकत पुढं सरकतो, बुडबुडा वर जातो, फुटतो. मिस्त्री कठड्यावर पेन्सिलीची खूण करतात.

पाणी जायचं भोक ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. म्हणजे तिकडं ढाळ. दहा फुटाला सव्वा इंच. वीस फुटाला अडीच. मिस्त्री एका टोकाला उंच आणि भोकापाशी बुटके असे मालाचे ठोकळे ठेवतात आणि त्यांच्या डोक्यावरून सूत ताणतात. डोळ्याला तो उतार दिसत नाही. मी गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून पाहिलं. सपाटच वाटलं.

"तुम्हाला न्हाई दिसायचा," मिस्त्री म्हणाले. "पाण्याला दिसतो."

८:००. तुकडे बसवायला लागले. आडवे नाहीत, कडेवर उभे. दोन तुकड्यांत बोटभर फट, फटीत माल. मिस्त्री थापीच्या दांड्यानं प्रत्येक तुकड्यावर एकदा ठोकतात. 'ठक' वाजलं तर खाली माल भरलाय. 'भद्द' वाजलं तर पोकळी आहे, तुकडा उपटायचा, पुन्हा माल घालायचा. तासाभरानं मलाही आवाज कळायला लागला. 'भद्द' आला की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो, पण त्यांचा हात आधीच तुकड्याखाली गेलेला असायचा.

कठडा आणि गच्ची जिथं भेटतात तिथं काटकोन ठेवत नाहीत. मालाचा गोलसर वाटा काढतात. पाणी सगळ्यात आधी कोपऱ्यात घुसतं. काटकोनात ते बसून राहतं, गोलाईवरून घसरतं. भाचा ओला वाटा रिकाम्या बाटलीच्या पोटानं घासून गुळगुळीत करतो. हे हत्यार फुकटचं.

खालून वर सगळं डोक्यावरून. जिन्याला अठरा पायऱ्या. घमेलं भरलं की वीसेक किलो. गडी खाली माल कालवतो आणि उचलून देतो, दोघी बाया चढतात-उतरतात. त्यातल्या थोरल्या मावशी दहा खेपा झाल्या की कठड्यावर एक खडा ठेवतात. मी विचारलं, कशाला? रोज तर ठरलेलाच आहे.

"सवय," त्या म्हणाल्या. "मागं एका ठेकेदारानं खेपेवर पैसे द्यायचं कबूल केलं, अन् संध्याकाळी म्हणाला तुझ्या पन्नासच झाल्या. तवापासनं खडं ठेवते."

आठ वाजून गेलेत, कठड्यावर दोन खडे आहेत.

८:४०. मी मिस्त्रींच्या शेजारी बसून विचारत राहिलो, ते तुकडे बसवत सांगत राहिले. त्यांच्या लहानपणी गावात निम्म्याच्या वर माळवदं होती. लाकडाच्या तुळया, वर फळ्या-काटक्या, वर मातीचा हातभर थर. मग भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस जायला लागला, हातात पैसा आला, माळवदं पाडून स्लॅब पडले. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा. पण इथं पाऊसच कमी. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळं स्लॅबला ढाळ द्यायचा, वर कोबा करायचा, हे बहुतेकांनी सोडूनच दिलं. दोन पैसे वाचले.

"पाऊस न्हाई म्हणून गळत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "स्लॅब चांगला होता म्हणून न्हाई."

२०२० च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं इंदापूर तालुका धुऊन काढला तेव्हा पहिल्यांदा लोकांनी छताकडं बघितलं. मग २०२५ चा मे. रोहिणी लागायला आणि आभाळ फुटायला एकच गाठ पडली. बारामतीजवळ पिंपळीला नीरा डावा कालवा २५ मेला फुटला, रस्ते पाण्याखाली गेले. वर्षाचा पाऊस चार दिवसांत यावा तसा आला. या घराची गच्ची तळं झाली, कारण पाण्याला जायला ढाळच नव्हता. दोन दिवस पाणी साचून होतं. आठव्या दिवशी खालच्या खोलीच्या छताला काळे ठिपके आले.

मालकीणबाईंनी तेव्हा आधी रंगवाला बोलावला. एका दुकानात सांगितलं की ओल अडवणारा रंग आहे, आतून मारला की झालं. एका खोलीला अठरा हजार. दोन महिन्यांत रंगाचा फुगा आला, फुग्यात पाणी. बाईंनी सुईनं टोचला तर धार लागली म्हणे. मिस्त्रींनी ही गोष्ट हसत सांगितली, पण हसताना थापी थांबली नाही.

९:४५. न्याहारी. बायांनी फडक्यातून भाकरी आणल्यात, लसणाची चटणी, कांदा. चहा घरातून आला. भाचा पाय सोडून बसला आणि महाबळेश्वरच्या गोष्टी निघाल्या. तो तिकडं चार हंगाम राहून आलाय.

साडेचार हजार फुटांवरचं गाव, पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे निमगावच्या दहापट. भाच्याला आकडा माहीत नाही, पण त्यानं सांगितलं ते आकड्याहून बरं होतं.

"मामा, तिकडं पाणी वरनं येतच न्हाई. आडवं येतं."

वारा पश्चिमेचा, पाऊस वाऱ्यावर स्वार. छपरं उतरती असतात, पत्रा जाड असतो, वरून काही अडचण नाही. मार खातात भिंती. जांभ्या दगडाची भिंत सच्छिद्र, पाणी पिऊन फुगल्यागत होते. म्हणून मे महिन्यात माणसं लावून घराला अंगरखा शिवतात. बांबूची चौकट, तिला गवताचे जाड थर बांधायचे, पश्चिमेची आख्खी भिंत झाकायची. आता बरेच जण गवताऐवजी प्लॅस्टिकचा कागद मारतात. गवत बरं की कागद, यावर भाच्याचं मत पक्कं आहे. गवतातून वारा खेळतो, भिंत आतल्या आत वाळते. कागद पाणी अडवतो आणि वाफ कोंडतो. ऑक्टोबरात कागद काढला की मागची भिंत हिरवी.

"अन् घरात?" मी विचारलं.

"घरात चप्पल आठ दिवस घातली न्हाई तर तिला लव येते. मांजरावानी. कपाटात बल्ब जळत ठेवत्यात, कपडं वाळावं म्हणून. गादीखाली हात घातला की गार. तिथल्या बंगल्यात पावसाळाभर एक माणूस ठेवलेला असतो, रोज एक खोली उघडायची, शेगडी फिरवायची, बंद करायची. त्याचा पगार माझ्या रोजापेक्षा जास्त नव्हता, पर काम बसून."

रोज बाराशे, जेवून-खाऊन. तरी परत आला. कारण विचारलं तर म्हणाला, जूनमध्ये बाहेरचं काम संपतं. मग चार महिने पत्र्यावरचा आवाज ऐकत बसायचं. माणसाचं डोकं ओलं होतं.

११:१५. ऊन डोक्यावर आलं. मिस्त्रींनी थापी भाच्याकडं दिली. "मी आत्यांकडं जाऊन येतो." मी मोटारसायकलवर मागं बसलो.

गावठाणाच्या जुन्या भागात एक माळवद अजून उभं आहे. आत्या मिस्त्रींच्या नात्यातल्या, वय ऐंशीच्या पुढं, लेक बारामतीला एमआयडीसीत. धाब्यावर चढायला लाकडी शिडी. आत्या स्वतः चढत नाहीत, खालून हुकूम देतात. नातू वर खुरप्यानं गवत खरडतोय. गवत मुळासकट काढायचं, कारण मूळ कुजलं की त्याची नळी होते आणि पाणी त्या नळीतून उतरतं. उंदरांनी पाडलेली भोकं काठी घालून शोधायची, ठेचून भरायची. मग वर खारी माती पसरायची. दरवर्षी, मृगाच्या आत.

ही माती पांढुरकी, चाखली तर खारट. मी चाखली. मिस्त्रींनी चिमूटभर तळहातावर घेऊन थेंबभर पाणी टाकलं आणि अंगठ्यानं घोळवलं. साबणासारखी बुळबुळीत झाली. मिठामुळं मातीचा कण न कण फुगतो, सुटतो आणि शेजारच्या भेगेत जाऊन बसतो. पहिल्या सरीला वरचं बोटभर भिजतं आणि आपलं आपणच बंद होतं. खालची माती कोरडी. वॉटरप्रूफिंगचा डबा नाही, लायसन नाही.

पूर्वी ही माती गावाच्या पांढरीतून टोपलीनं फुकट आणायचे. आता पांढरीवर घरं झाली. यंदा लांबून ट्रॅक्टरनं आणली, अर्धी ट्रॉली, पंधराशे रुपये. आत्यांना ते पटलेलं नाही.

"मातीला पैसं?" त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या.

गंमत अशी की हेच मीठ छपरावर राखण करतं आणि भिंतीत शिरलं की भिंत खातं. तालुक्यात कालव्याखाली चोपण झालेल्या जमिनी कमी नाहीत. तिथल्या घरांना पाया सोडून ओल वर चढते, दोन फूट, तीन फूट, दिव्यातल्या वातीतून तेल चढावं तशी. भिंतीच्या तोंडाशी पाणी वाळून जातं, मीठ मागं राहतं. त्याचे खडे होतात, खडे फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. लोणा लागला म्हणतात त्याला. आत्यांच्या दारामागं तो आहे. बोट फिरवलं की पांढरा भुगा. मिस्त्रींनी बोट फिरवलं, पँटीला पुसलं.

"लेक म्हणतोय सिमेंटचा गिलावा करू," आत्या म्हणाल्या.

"करू नका. सिमेंटनं तोंड दाबलं की ओल आणखी वर चढंल. आत्ता कमरेएवढी हाय, मग खांद्याएवढी यील. पोपडं खरवडून चुना मारा. भिंतीला श्वास घिऊ द्या."

"अन् दिसायला?"

"दिसायला कोण यतंय इथं, आत्या?"

आत्या काही बोलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा नातू शेवटचं घमेलं पसरत होता.

दुपारी १:००. जेवण गच्चीवर नाही, पडवीत. यंदा अधिक महिना, धोंड्याचा. घरचे जावई काल येऊन गेले. त्यामुळं पितळी ताटात पुरणाचे धोंडे उरलेत आणि मालकीणबाई सगळ्यांना वाढतात. गड्यानं चार खाल्ले. मावशींनी एक पदरात बांधला, नातवाला.

"यंदा धोंडा आला म्हणून सवड मिळाली," बाई म्हणाल्या. एरवी तुकोबांची पालखी जूनच्या अखेरीला दारात असते. बेलवाडीचं रिंगण उरकून निमगावला मुक्कामाला येते. यंदा सगळं लांबलं, आषाढी २५ जुलैला. या घरात दरवर्षी चाळीस वारकरी उतरतात. बायका त्या खालच्या खोलीत झोपतात, जिच्या छताला ठिपके आहेत. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या माळकरीण बाईंना रात्रभर खोकला लागला होता. "त्या काही बोलल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पण मला कळलं ना."

त्यांची एकच मागणी आहे. पालखीच्या आत खोली रंगवून द्या. मिस्त्री नको म्हणतात.

"वहिनी, स्लॅब वर्षभर पाणी प्यालाय. वरनं तोंड बंद केलं तरी पोटातलं निघायला दोन-तीन महिनं लागत्यात. आत्ता रंग मारला की परत फुगा. परत अठरा हजार."

"मग काळं छत दाखवू का माउलींना?"

"चुना मारून देतो. पांढरं शुभ्र. रंग दिवाळीला."

बाईंनी मान हलवली. होकार होता की नाही, सांगता येत नाही.

२:१५. ऊन कोब्यावर असलं की माल फार लवकर ओढतो, म्हणून दुपारी दोन तास खोलीत. झालेल्या भागावर ओली पोती टाकून ठेवली. धाकट्या मावशींनी पोतं टाकताना पाय वर घेतला, इतकं तापलेलं.

खोलीच्या छताला बुरशीचा नकाशा आहे. मधे काळी, कडेनं हिरवट, कोपऱ्यात राखाडी लव. कोरडी घासायची नाही, भुकटी उडून नाकात जाते. आधी पंपानं पाणी मारून ओली करायची. मिस्त्री तोंडाला पंचा बांधतात, भाचाही. मग तारेचा ब्रश. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळतं. छत घासणं म्हणजे मान मागं टाकून, हात वर धरून घासणं. मी दहा मिनिटं केलं. मग खांद्यानं नकार दिला.

आता औषध. ते दुकानातून आलं नाही, मळ्याच्या खोपीतून आलं. मोरचूद. निळे-निळे खडे, पाव किलोची पुडी, ऐंशी रुपये. पानवेलीला मर लागू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मळ्यात बोर्डो मारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. इथं मिस्त्रींनी दुप्पट कडक करायला सांगितलं. वेलीची मुळं नाजूक, छताचं तसं नाही.

पण मिश्रण मिस्त्रींनी केलं नाही. धाकट्या मावशींनी केलं. त्या एरवी पानमळ्यात कामाला जातात, हे त्यांचं रोजचं. दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घेतल्या. गड्यानं लोखंडी घमेलं पुढं केलं तर त्याच्या हातावर चापट. एका बादलीत मोरचूद विरघळवला. दुसरीत कळीचा चुना विरवला, तो खदखदला, वाफ आली, निवू दिला. मग दोन्ही बादल्या एकदम तिसरीत ओतल्या, धारेला धार लावून. आभाळी रंगाचं दुधासारखं पाणी तयार झालं.

मग त्यांनी खिळा मागितला. गंजका नको, स्वच्छ. दोऱ्याला बांधून बादलीत सोडला, मिनिटभर धरला, वर काढला. खिळ्याच्या टोकाला तांबूस झाक आली होती. तांब्याची भांडी घासल्यावर दिसते तशी.

"चुना कमी पडला," त्या म्हणाल्या. थोडा विरवलेला चुना आणखी टाकला. ढवळलं. दुसरा खिळा सोडला. काढला. जसाच्या तसा काळपट पोलादी.

"आता मारा."

मिस्त्रींनी पहिला खिळा उचलून खिशात टाकला. हे त्यांना माहीत नसावं, असं मला वाटलं. ते कबूल करतील असं नाही.

३:५०. परत गच्ची. शेवटचा कोपरा राहिलाय, भोकाजवळचा, तोच सगळ्यात महत्त्वाचा. पाईपाच्या तोंडाभोवती दीड फूट सगळं थोडं खोलगट करायचं, बशीसारखं. कठड्यावर सात खडे आहेत.

४:२०. भाच्यानं पूर्वेकडं पाहिलं. वळीव उगवतीकडून येतो. तिकडं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. वारा पडला. मग एकदम उठला आणि अंगणातली सिमेंटची रिकामी गोणी भिंतीवर आपटली.

मिस्त्री ओरडले नाहीत. "ताडपत्री," एवढंच. घरात कांद्यावर टाकायच्या दोन ताडपत्र्या होत्या. एक फाटकी. चौघांनी चार कोपरे धरले, वाऱ्यानं ती फुगली, थोरल्या मावशी सरळ तिच्यावर बसल्या. कडेला विटांचे तुकडे ठेवले. ताज्या मालाचा कोपरा झाकला गेला. सकाळच्या भागाला झाकण उरलं नाही. पण तो सात-आठ तास जुना, धरलेला. कालवलेलं अर्धं घमेलं खाली तसंच राहिलं, ते वाया गेलं.

४:३५. आला. टपोरे थेंब, मातीचा वास, पत्र्याच्या शेडवर गोळ्या पडाव्यात तसा आवाज. आम्ही सगळे जिन्याच्या टोपीखाली दाटीनं उभे. बारा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं. गडी म्हणाला, कोब्याला पाणी फुकट मिळालं. कुणी हसलं नाही. मिस्त्री वाकून गच्चीकडं बघत होते, पाणी कुठून कुठं चाललंय ते.

सकाळी मला न दिसलेला उतार आता दिसत होता. पाणी पश्चिमेच्या कठड्यापासून निघून, विटांच्या फटींवरून, भोकाकडं चाललं होतं. घाई न करता. सगळीकडून. ताडपत्रीच्या कडेनं वळून पाईपात पडत होतं आणि खाली अंगणात धार आपटत होती.

५:०५. पाऊस थांबला, ऊन पडलं. मिस्त्री अनवाणी गच्चीवर गेले. चार पावलं टाकून थांबले. मधोमध, थोडं दक्षिणेला, परातीएवढी जागा ओली चमकत होती. बाकी सगळं निथळलेलं. तिथं मात्र पाणी उभं. त्यांनी बोट बुडवून पाहिलं. अर्धं पेर.

भाचा आला, बघून गप्प. ती जागा त्यानं बसवलेली नव्हती.

मला ती जागा ओळखता आली. तिथं मी मांडी घालून बसलो होतो. पावणेनऊच्या सुमाराला. माळवदं, कारखाना, २०२० चा ऑक्टोबर, फुग्याला टोचलेली सुई, सगळं तिथंच झालं होतं. मिस्त्री हसत सांगत होते आणि थापी थांबत नव्हती. सूत मात्र माझ्या गुडघ्याला लागून जरासं दबलं असणार. हे मी त्यांना सांगितलं.

"असंल," ते म्हणाले. "पर थापी तुमच्या हातात नव्हती."

विटेचा एक तुकडा उचलून त्यांनी त्या पाण्याभोवती लाल रेघ ओढली. गोल. उद्या त्यातले बारा-पंधरा तुकडे उपटायचे, अर्धं घमेलं माल, भाच्याचा एक तास. मालकीणबाई वर आल्या, त्यांनी गोल पाहिला आणि विचारलं, हे काय? मिस्त्रींनी सांगितलं. लपवलं नाही. उद्याच्या रोजातून एक तास मी कापून घेतो, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, राहू द्या हो. मिस्त्री म्हणाले, नाही. दोघं थोडा वेळ यावरच घोळत राहिले.

६:१०. हत्यारं धुतली. रंध्याला माल वाळला की रंधा गेला, म्हणून तो दोनदा. नळीतलं पाणी काढून ती गुंडाळली. बाई पाचशेच्या नोटा घेऊन ओट्यावर बसल्या. सुट्ट्यांची ओढाताण झाली, भाच्याला फोनवरून पाठवले. बायांना रोख लागतात. थोरल्या मावशींनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, कनवटीला लावल्या. मग परत वर गेल्या. मला वाटलं काही विसरल्या.

कठड्यावरचे आठ खडे त्यांनी उचलून पदरात घेतले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून एकदा मोजले आणि अंगणात टाकून दिले.

६:४०. मिस्त्रींनी मोटारसायकलला किक मारली, पण गाडी सुरू ठेवून तसेच बसून राहिले. मग हाक मारली, "वहिनी, रातच्याला परत आला तर ताडपत्री काढू नका. अन् त्या गोलात किती साचतंय ते सकाळी बघून ठेवा. मी यायच्या आत वाळून जाईल."

"बोटानं मोजू?"

"बोटानंच."